ढाल कधी उचलायची

सोमवारी आमचं सलून बंद असतं, म्हणून माझी नात रेवती आणि तिची मित्रमंडळी तिथं फाशांचा लढाईचा खेळ मांडतात. मी शाळेत फारसा गेलो नाही, पण भांडण मला कळतं. त्या दिवशी तासभर एकच भांडण चाललं होतं आणि माझं डोकं उठलं होतं.

झालं असं, की खेळातल्या राक्षसानं रेवतीच्या लढवय्या राणीवर कुऱ्हाड उगारली. ही राणी म्हणजे खेळातली रेवतीच, दोन वर्षं मरू न देता जपलेली. रेवती म्हणाली, "मी ढाल पुढे करते."

खेळ चालवणारा हेरंब नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला, "ढाल म्हणजे प्रत्युत्तर. ते वार पुरा झाल्यावर. आणि वार पुरा झाला की तुझी राणी मेली. मेलेल्याला ढाल उचलता येत नाही."

"मग ढाल काय जेवायला घेतली होती?"

"नियम म्हणजे नियम."

हे आठव्यांदा ऐकल्यावर मी केसांवर पाणी मारायची बाटली उचलली. "हेरंबराव, हा माझा वार बरं का," म्हणत सावकाश नेम धरला आणि दाबली.

हेरंबनं झटकन पुस्तक तोंडापुढे धरलं.

मी त्याला टॉवेल दिला. "तुमच्या नियमानं आधी तोंड भिजायचं, मग हात हलायचा. तोंड तर कोरडं आहे बाबा. मग पुस्तक कसं भिजलं?"

त्यानं बराच वेळ पान पुसलं. मग रेवतीकडे न बघता म्हणाला, "टाक फासे. ढाल धरली."

बाटली मी हातातच ठेवली. पुस्तकाची बरीच पानं अजून कोरडी होती.