बाक आला कुठून?

महाराजांना गादीवर बसता येत होतं, उठता येत नव्हतं! रोज दोन हुजरे काखेत हात घालून त्यांना उपसून काढायचे आणि सगळा दरबार हसू दाबत जमिनीकडे बघायचा. शेवटी सोमा सुताराने फणसाच्या लाकडाचा एक बाक करून आणला. महाराज बसले, आपले आपण उठले, पुन्हा बसले!

"याला म्हणतात काय रे?"

"बाक, म्हाराज."

"बाक म्हणजे?"

"बसायचं, म्हाराज."

महाराज खवळले. ज्याच्या नावाचं मूळ ठाऊक नाही, त्याच्यावर आम्ही बसायचं? त्यांनी दरबारच्या तीन शास्त्र्यांना विचारलं. हे तिघे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्यापासून आज वार कोणता, यावरही त्यांचं एकमत होत नसे.

"वक्र या संस्कृत शब्दावरून!" थोरले म्हणाले.

"काहीतरीच! बकऋषी यावर बसून तप करीत," मधले म्हणाले.

"म्लेच्छ शब्द आहे तो!" धाकटे किंचाळले. "विटाळ! जाळून टाका बाक!"

"पुरे!" महाराज गरजले. "उद्या सकाळी तुम्हा तिघांचं एकमत झालं नाही, तर बाक जाळू आणि सोमाला राज्याबाहेर घालवू!"

सोमाच्या तोंडचं पाणी पळालं. या तिघांचं एकमत? त्याने घरी येऊन हत्यारं बांधायला घेतली.

"सोडा ती, बाबा," त्याची लेक सगुणा म्हणाली. "उद्या मी येते."

सकाळी दरबारात ती धीटपणे पुढे झाली. "म्हाराज, माझा आजा गोव्यात फिरंगी सुताराच्या हाताखाली शिकला. तो फिरंगी याला 'बांकु' म्हणायचा. बाक तिथूनच आला."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" धाकट्यांनी मांडीवर थाप मारली. "जाळा!"

"खोटं! आपलाच शब्द!" थोरले आणि मधले ओरडले, आणि लगेच आपला म्हणजे कोणता यावरून एकमेकांवर घसरले.

"जाळूया की," सगुणा शांतपणे म्हणाली. "पण फिरंग्यांच्या गलबतातून आलेलं बाकीचंही जाळूया. धाकटे शास्त्रीबुवा, एकादशीला काय खाता?"

"बटाट्याचा कीस."

"बटाटा फिरंग्यांचा! जानव्याला काय लटकतंय?"

"चावी..."

"तीही त्यांचीच!"

धाकट्यांनी चावी उपरण्याखाली लपवली. थोरले आणि मधले खो खो हसू लागले.

"हसू नका, शास्त्रीबुवा," सगुणा त्यांच्याकडे वळली. "म्हाराज, आणखी एक फिरंगी शब्द आहे. पगार! एकाला विटाळ नको आणि दोघांना फिरंगी काही मान्यच नाही. मग तिघांचाही आजपासून बंद करा!"

तिघा भावांनी कित्येक वर्षांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं.

"बाक फिरंग्यांकडूनच आला!" थोरले घाईघाईने म्हणाले.

"निःसंशय!" मधले म्हणाले.

"आणि विटाळ कसला?" धाकटे हात जोडून म्हणाले. "समुद्रातून आला म्हणजे वाटेत त्याचं स्नान झालंच की!"

महाराज इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "सोमा, आजपासून तू दरबारचा सुतार! आणि पोरी, तुला काय हवं ते माग!"

सगुणाने बाकाकडे पाहिलं. "म्हाराज, गादीवर एकच माणूस मावतो. यावर चार मावतात."

"मग बस की!" महाराज हसत सरकले.

एका बाजूला सगुणा बसली, दुसऱ्या बाजूला सोमा. उरलेल्या एका जागेवर कोणी बसायचं, यावरून तिन्ही शास्त्री अजून भांडत उभे आहेत!