रेशमाच्या घरातली दोन मांजरं

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. दूर चीन देशात, नदीकाठच्या एका गावात घरोघरी रेशमाच्या अळ्या पाळायचे. उंदरांना या अळ्या भारी प्रिय. म्हणून त्या दिवसांत प्रत्येक दारावर कागदी मांजराचं चित्र चिकटवायचे आणि त्याच्यापुढे रोज एक तळलेला मासा ठेवायचे. रीतच होती तशी.

शेन नावाच्या विधवा विणकरणीच्या दारावरही असं चित्र होतं. शिवाय घरात एक खरी मांजरही होती. करड्या रंगाची, एक कान फाटलेली. तिच्या वाट्याला यायचा उष्टा भात.

मांजर रागावली. का नाही रागावणार? उंदीर मारायचे हिने, आणि मासा त्या कागदाला!

"आता त्यालाच राखू दे घर," असं म्हणत ती छपरावर जाऊन पडली.

इकडे शेनबाईचा जीव टांगणीला लागलेला. दोन वर्षं तिच्या अळ्या रोगाने गेल्या होत्या. यंदाही कोष झाले नाहीत, तर सासऱ्यांच्या वेळचा माग विकावा लागणार होता. त्या दिवशी ती सकाळीच शेवटचा पाला तोडायला तुतीच्या मळ्यात गेली. मांजर जागेवर नाही, हे घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही.

भर दुपारी एक म्हातारा उंदीर दाराशी आला आणि थबकला. चित्र काही हललं नाही. तो पुढे सरकला, मासा फस्त केला, आणि वर चित्राचा पंजाही कुरतडला.

"या रे सगळे," त्याने हाक दिली. "नुसता कागद आहे हा."

वीस-पंचवीस उंदीर आत घुसले. छपरावरून मांजर बघत होती. खरं सांगायचं तर आधी तिला गंमतच वाटली. बरी जिरली कागदाची! मग आतून अळ्यांचा आवाज आला, पाला खातानाची ती बारीक कुरकुर. महिनाभर ती त्या आवाजाशेजारी झोपली होती. तिचा राग माशावरून होता. या मुक्या जिवांनी तिचं काय बिघडवलं होतं?

तिने खाली उडी घेतली. पुढे जे झालं, ते उंदरांची पतवंडंसुद्धा विसरली नाहीत. म्हाताऱ्याची शेपटी उंबऱ्यातच राहिली. अळ्यांच्या एकाही परडीला दात लागला नाही.

संध्याकाळी शेनबाईने मेलेले उंदीर पाहिले आणि चित्रापुढे हात जोडले. "देवा, लाज राखलीस रे बाबा," म्हणत तिने दोन मासे ठेवले. मांजरीला आता राग येईना. तिला हसूच आलं.

आठ दिवसांत पांढरेशुभ्र कोष तयार झाले. तसं रेशीम साऱ्या पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. शेनबाईचा माग दिवसभर खडखडू लागला.

आणि उंदीर? ते चित्र दिसलं की धूम पळायचे. त्यांना त्यात करडी मांजरच दिसायची! मग खरी मांजर निवांत उंबऱ्यात लोळायची, आणि भूक लागली की चित्रापुढचा मासा खायची. रिकामी थाळी बघून शेनबाई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "देव रोज जेवतो हो आमच्याकडे."

लहानथोरांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: मान कुणालाही मिळो, त्यामागचं बळ काम करणाऱ्याचंच असतं.