श्रीपुढचं टिंब

सन २०१८, आश्विन महिना, दसऱ्याला चार दिवस. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोयते भट्टीपुढे रांगेत पडले होते.

"पण पाटीवर नेमकं काय दिसलं?" मयूरेशने तिसऱ्यांदा विचारलं.

त्र्यंबकतात्या लोहारांनी कोयता निखाऱ्यांत फिरवला. मला विचारलं, "दगडू, रंग?"

"लाल आहे," मी म्हणालो. "अजून नारिंगी नाही."

तात्यांना रंग दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लोखंडाचा रंग दिसत नाही तो लोहार कसला? चाळीस वर्षं मी त्यांच्यासमोर घण मारला. रंग सांगायची वेळ माझ्यावर त्याच वर्षी आली.

मयूरेश आमच्या ढोबळे मास्तरांचा मुलगा. शहरात शिकून इंजिनिअर झालेला. तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नावांची पाटी त्यानेच बनवून बसवली होती. दिव्यांची अक्षरं सरकतात, आपलं नाव आलं की आत जायचं. पाटी आली तसं नाव पुकारणं बंद झालं.

भाद्रपदात आम्ही दोघं तिथे सकाळपासून बसलो. तात्यांचं नाव आलं नाही. संध्याकाळी बाहेरगावचा डॉक्टर गाडीत बसून गेला. पुढची तारीख दसऱ्यानंतरच्या सोमवारची.

"तात्यांना काय विचारतोस?" मी म्हणालो. "पाटी मी बघत होतो. आधी 'श्री' आला. मग चौकटी. नुसत्या चौकटी, शेवटपर्यंत. मला वाटलं, देवाचं नाव घेतलं असेल."

"श्री? बाकी कुणाच्या नावाला नव्हता?"

"नव्हता. कारकून ओळखीचा आहे. त्याच्या सासऱ्याची कुऱ्हाड इथली. मान म्हणून लिहिला असेल."

मयूरेश हसला.

"सापडलं! त्याने श्रीपुढे टिंब दिलं. चूक त्याची आहे, माझी नाही."

तात्या म्हणाले, "माझ्या मागं चौघे होते. तेही परत गेले. ती चूक कुणाची?"

"तात्या, तुम्हाला समजेल असं सांगतो. यंत्राच्या पोटात खणांची लांब रांग असते. मराठी अक्षराचा एकेक तुकडा तीन खणांत बसतो. काना, मात्रा, सगळं तीन. मोकळी जागा एका खणाची, म्हणून मी ती ठेवलीच नाही. तिथे उभा दंड टाकला. तोही तीन खणांचा. माझा प्रोग्राम तीन-तीन खण उचलतो आणि दिव्यांना देतो. हे टिंब निघालं एका खणाचं. तिथून पुढचं सगळं सरकलं."

"मग आता?"

"भिंतीवर सूचना लावतो. नावात टिंब देऊ नये. झालं."

"झालं?"

"माझं मोजणं पक्कं आहे, तात्या. तीन म्हणजे तीन."

तात्यांनी मान हलवली.

"पोरा, माझा एक नंबर तुझ्याकडं येणं आहे. ... घण उचल."

"मी?"

"दगडूचा खांदा दुखतोय."

माझा खांदा दुखत नव्हता. मी घण त्याच्या हातात दिला.

आमच्या भट्टीची रीत साधी. तात्या हातोडीने ऐरणीच्या कडेला टिचक्या मारतात. जितक्या टिचक्या, तितके घण. टिचकीचा आवाज बारीक, घणाचा जाड. एक ऐकून दुसरा वाटत नाही. मी मयूरेशला एवढं सांगितलं.

"रंग?"

"नारिंगी."

कोयता ऐरणीवर आला. तीन टिचक्या. मयूरेशने तीन घण मारले.

तीन टिचक्या. तीन घण.

पोराला जमत होतं. शर्टाला घाम आला, तोंडावर हसू आलं. चौथ्या खेपेला त्याचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

मग तात्यांनी एकच टिचकी मारली.

पहिला घण कोयत्यावर पडला. तात्यांनी चिमट्याने कोयता काढून घेतला. दुसरा घण उघड्या ऐरणीवर आला.

सगळी आळी घुमली. घण उसळून मयूरेशच्या पायाजवळ पडला. त्याचे हात कोपरापर्यंत झिणझिणले असणार. माझे एकदा झाले होते, एकोणिसाव्या वर्षी.

तात्यांनी चाचपत डावा पंजा ऐरणीवर ठेवला. दुसरा घण बसला होता तिथेच.

"एक टिचकी मारली की माझा हात इथं येतो," ते म्हणाले. "आज आणला नाही."

मयूरेश त्या पंजाकडे बघत राहिला...

"तुम्ही एकच मारली होती."

"एकच."

"मला ऐकू आली नाही."

"आली. तू मानली नाहीस."

मयूरेशने पडलेला घण उचलून ऐरणीला टेकवला.

"तात्या," तो म्हणाला, "प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या खणावर खूण असते. मागे किती खण आहेत त्याची. टिंबाच्या मागे कुणी नसतं, तेही त्याच्यावरच कळतं."

"तुला ठाऊक होतं?"

"वाचलं होतं. पण तीन-तीन मोजून काम होत होतं, म्हणून..."

कोयता परत निखाऱ्यांत गेला.

"आणि घण वर असताना विसरलो तर?" मयूरेशने विचारलं. "किती झाले, किती राहिले?"

"वरच ठेव. टिचकी येईल."

मयूरेश खाली बसला. राखेत बोटाने रेघा ओढू लागला. स्वतःशीच बोलत होता. "मागचे खण पहिल्यासारखे दिसत नाहीत... ते सोडत गेलं की पुढचा पहिला सापडतो... एक तुकडा वाया जाईल, सगळे नाही."

मग उठला. हात पॅन्टला पुसले.

"सूचना लावत नाही, तात्या."

"कारकुनाला श्री लिहू दे," तात्या म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. मयूरेश दाराशी उभा होता. आठवडाभर धड झोपला नसावा. माझ्याकडे बघत नव्हता, पाटीकडेच बघत होता.

'श्री. त्र्यंबक पोपळघट'

टिंबासकट आलं.

"आलं, तात्या," मी म्हणालो. "पुरं आलं."

तात्या उठले नाहीत.

"मागचे चौघे?"

मी पाटी वाचत राहिलो. मला सावकाश वाचता येतं. पाटीही सावकाश सरकत होती. एक आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. शेवटी 'गयाबाई मुसळे'. कोपऱ्यातली एक म्हातारी पदर सावरत उठली.

"चारही आली," मी म्हणालो.

तेव्हा तात्या उठले. मयूरेशने पुढे येऊन हात दिला. त्याच्या तळव्याला अजून घणाचे फोड होते. तात्यांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

"फिटलं," ते म्हणाले, आणि आत गेले.