व्रत कुणाचं, वाकायचं कुणी?

दान असं द्यायचं की साऱ्या तालुक्याला कळलं पाहिजे, ही तात्यासाहेब कोठावळ्यांची रीत. त्यांच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीने स्टेजवर त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, फोटो निघायचा, आणि मगच चेक हातात पडायचा.

इंदूताईंच्या वैदेहीला नर्सिंगला जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर ती जागा हातची जाणार होती. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे दवाखान्याचे कागद, सगळं ट्रस्टला तीन-तीनदा देऊन झालं होतं. समारंभात वैदेहीचं नाव पुकारलं गेलं. वैदेहीने हात जोडले आणि ती ताठ उभी राहिली.

तात्यासाहेब माइकवरच म्हणाले, "आईने वळण लावलेलं दिसत नाही! अहो बाई, विद्यादान हे माझं व्रत आहे. व्रताचा मान ठेवायला शिकवा पोरीला."

समोर बसलेल्या बायकांमधून इंदूताई उठल्या.

"व्रत म्हणालात ते बरं झालं, तात्यासाहेब. मी अठरा वर्षं मार्गशीर्षातले गुरुवार करतेय. उद्यापनाला कुमारिका बोलावते, तिला फळ-दक्षिणा देते आणि तिच्या पाया मीच पडते. घेणारी कधी वाकत नाही. तुमचं व्रत असेल, तर कुमारिका समोर उभी आहे."

बायकांमध्ये आधी खुसफुस झाली, मग टाळ्या पडल्या. फोटोवाला कॅमेरा सरसावून वाट बघू लागला. तात्यासाहेबांनी घाईघाईने चेक वैदेहीच्या हातात कोंबला.

फी वेळेत भरली गेली. पुढच्या वर्षीच्या अर्जात मात्र एक नवी अट आली: विद्यार्थिनीने समारंभाला एकटीनेच यावे. त्या वर्षी साऱ्या मुली निमूट वाकल्या.