मधुजिव्हा मैनेची सोन्याची दांडी

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा मनाचा वाईट नव्हता. पण तो सिंहासनावरून कधी खाली उतरत नसे, आणि वर बसल्या जागी त्याला जे सांगितले जाई तेवढेच त्याचे राज्य होते.

त्या राज्यावर काळमुख नावाचा जादूगार चालून आला. सात महिने लढाई झाली. काळमुख मुठीतली करडी धूळ फुंकी, आणि ती ज्याला लागे त्याचे अंग हळूहळू दगड होई. आज अंगठा, महिन्याने घोटा, पुढे गुडघा. अखेर सैनिकांनी त्याला धरून कोरड्या विहिरीत कोंडले. नगारे वाजले. काळमुखाच्या महालातली लूट राजधानीत आली, आणि त्या लुटीतल्या चाळीस सोन्याच्या दांड्या राजाच्या मनात भरल्या.

धुळीवर उतारा एकच होता. राजवाड्यात चंद्रतळे होते. राजाने जखमेची हकिकत ऐकून ‘मान्य’ म्हणावे आणि तळ्याचे ओंजळभर पाणी ओतावे, की दगड विरघळून जाई. ‘मान्य’ म्हटल्यावाचून ओतले तर ते नुसते पाणी.

आता साधा शिपाईगडी राजापुढे उभा राहिला की त्याची बोबडी वळे. म्हणून राजाच्या आजोबांनी सोय करून दिली होती. पक्षिशाळेतल्या मैनांनी जखमींच्या वतीने बोलावे. जखमी माणसाने आपली हकिकत मैनेच्या कानात सांगायची. सांगितली की ती त्याच्या जिभेवरून उतरे आणि मैनेच्या जिभेवर जाई. मैना दरबारात सांगेपर्यंत त्याला ती कोणालाच, बायकोलासुद्धा, सांगता येत नसे. सोय चांगली होती. तेव्हा मैना आंब्याच्या फांदीवर बसत आणि त्यांच्या तोंडी एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

धवलसेनाने आंबा तोडला आणि तिथे मैनांना बसायला लुटीतल्या त्या सोन्याच्या दांड्या लावल्या.

लढाईहून भानजी नावाचा सैनिक परतला तेव्हा त्याचे उजवे पाऊल दगडाचे होते. त्याच्याबरोबर त्याचा सोबती दुलबा होता. दुलबाचे दोन्ही पाय आणि एक हात दगड झाले होते. भानजीची बायको कोंडाई हिने बैलगाडी जुंपली आणि दोघांना पक्षिशाळेत आणले. त्यांच्या वाट्याला मधुजिव्हा नावाची मैना आली. तिच्याकडे चारशे माणसांच्या हकिकती होत्या. दोघांनी आपापली हकिकत तिच्या कानात सांगितली आणि त्या विषयापुरते दोघे मुके झाले.

“काळजी नसावी,” मधुजिव्हा डाळिंबाचा दाणा सोलत म्हणाली. “तुमचे प्रकरण माझ्या ध्यानात आहे. पौर्णिमेला या.”

पौर्णिमेच्या सकाळी दरबार भरला. मधुजिव्हा गोड आवाजात बोलली, “महाराज, हा भानजी. हत्तीच्या सोंडेने याचा डावा डोळा गेला.”

राजाने वरून वाकून पाहिले. भानजीचे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि त्या वेळी ते विस्फारलेही होते.

“अमान्य,” राजा म्हणाला.

भानजीने तोंड उघडले. आवाज फुटला नाही. त्याने बोटाने पाय दाखवला, पण पायाचे नाव हकिकतीत नव्हते, म्हणून कोणी तिकडे पाहिले नाही. कोंडाई पुढे झाली, तर चोपदाराने तिला हटकले, “बाई, तुमची मैना बोलली ना?”

दुलबाचे तर नावच पुकारले गेले नाही.

बाहेर आल्यावर मधुजिव्हेच्या तोंडावर खेदाची रेषा नव्हती. “असे होते कधी कधी,” ती म्हणाली. “पुन्हा अर्ज करू. तीन पुरावे आणा. जिथे लागले तिथली माती. लागताना ज्याने पाहिले त्याची साक्ष. आणि ज्याने जखम केली त्याची कबुली.”

“आणि दुलबाचे?” कोंडाईने विचारले.

“कोण दुलबा?” मैनेने विचारले.

दुलबा पक्षिशाळेच्या आवारातच थांबला. चालणार तरी कसा? तो भानजीला म्हणाला, “तू ये जाऊन. मी आहे इथंच. माझं नाव कधी पुकारतील, नेम नाही.”

पहिल्या खेपेला कोंडाईने गाडी रणभूमीवर नेली. तिथल्या गवताला लढाईपासून वाचा फुटली होती. ते येणाऱ्याचे पाय धरून नाव विचारी. भानजीने नाव सांगितले, गवताने त्याला त्याची जागा दाखवली, आणि त्याने तिथली माती पिशवीत भरली. परतेपर्यंत दगड गुडघ्याला आला.

“ठेवा तिकडे,” मधुजिव्हा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तो त्या कड्यावर गेला जिथे म्हातारे गिधाड राहात होते. लढाई पहिल्या दिवसापासून पाहिली होती ती त्यानेच.

“मी मेलेल्यांचा साक्षीदार,” गिधाड म्हणाले. “तू जिवंत आहेस.”

“पाय मेला आहे,” भानजी म्हणाला.

गिधाडाने पायावर चोच आपटून पाहिली. “तर पायापुरती साक्ष देतो,” असे म्हणून त्याने एक पीस काढून दिले. परतेपर्यंत दगड मांडीला आला.

“ठेवा तिकडे,” मधुजिव्हा म्हणाली. “आपले नाव काय म्हणालात?”

भानजी संतापला. आवारात दुलबा होता. त्याचे आता फक्त तोंड आणि डोळे उरले होते. “चिडू नको रे,” तो म्हणाला. “बिचारी चारशे जणांचं बघते.” त्याचा स्वभावच तसा, दुसऱ्याला सांभाळून घेणारा. असल्या माणसांची प्रकरणे सगळ्यांत खाली जातात.

तिसऱ्या खेपेला भानजी कोरड्या विहिरीच्या काठाशी गेला. खाली काळमुख बसला होता.

“कबुली हवी?” तो म्हणाला. “घे. ती धूळ माझी.” त्याने बोटातली काळी अंगठी वर फेकली. “पण ती सांगणार कोण? माझ्या दांड्या अजून आहेत ना? त्यांवर जो बसतो, तो ज्याच्यासाठी बोलायचे त्यालाच विसरतो. माझ्या मंत्र्यांसाठी केल्या होत्या मी त्या. लढाई मी हरलो, असे तुला कोणी सांगितले?”

ही त्याची बढाई होती, आणि बढाईखोराला ऐकणारा लागतोच.

गाडी परतली तेव्हा दगड भानजीच्या कमरेवर चढला होता. आवारात दुलबा दिसेना. कोंडाईने शोधले. पक्षिशाळेच्या भिंतीलगत वीरांचे पुतळे रांगेने उभे होते. राजा गवाक्षातून ते पाही आणि म्हणे, आपण शूरांची स्मारके किती छान उभारली! त्या रांगेच्या टोकाला एक नवा पुतळा होता. तोंड किंचित उघडे, कोणी हाक मारली तर ओ द्यायला. कोंडाईने त्याच्या गळ्यातला ताईत ओळखला आणि तिथेच बसकण मारली.

भानजी रडला नाही. तो म्हणाला, “मला आत ने.”

आत कोपऱ्यात त्याची मातीची पिशवी होती तशीच बांधलेली, पीस तिच्याखाली, आणि दोन्हींवर डाळिंबाची सालपटे. मधुजिव्हेने त्याला पाहून मान वळवली. “पुढल्या पौर्ण…” ती म्हणू लागली, तोच भानजीने हात लांब केला, तिला दांडीवरून उचलले आणि आपल्या खांद्यावर ठेवले.

चारशे माणसे तिला एकदम आठवली. “माझ्याकडून काय झाले हे!” ती ओरडली आणि मान खाली घालून रडू लागली.

“रडणे नंतर,” भानजी म्हणाला. “चल दरबारात.”

दिवस पौर्णिमेचाच होता. मधुजिव्हा त्याच्या खांद्यावरून बोलली, “महाराज, आधी याचे सांगते. दगड छातीला टेकला आहे.”

“आधी दुलबाचे,” भानजी म्हणाला.

मैनेने सांगितले. भानजी धुळीच्या लोटात सापडला होता. दुलबा बाहेर होता, सुखरूप. तो आत शिरला, त्याने भानजीला पाठीवर घेतले आणि बाहेर आणले. भानजीच्या पावलाला धूळ लागली, बाकीची दुलबाने घेतली. अर्ज केल्याला आठ पौर्णिमा झाल्या.

“कुठे आहे तो?” राजाने विचारले.

“आपण रोज गवाक्षातून पाहता तिथे,” मैना म्हणाली.

तेव्हा धवलसेन सिंहासनावरून उतरला. ओंजळीत चंद्रतळ्याचे पाणी घेऊन तो आवारात गेला आणि रांगेतला एकेक चेहरा पाहात टोकाला पोहोचला. “मान्य,” तो म्हणाला. पाणी दुलबाच्या डोक्यावरून ओघळले, उघड्या ओठांवरून गेले आणि पायांशी मुरले. दगड तसाच राहिला. दगड विरघळून बाहेर यायला आत कोणी उरलेच नव्हते.

राजाने भानजीची जखम तिथेच ऐकली, ‘मान्य’ म्हटले आणि पुन्हा ओंजळभर पाणी आणून ओतले. दगड उतरला, पण उजवे पाऊल तेवढे दगडाचेच राहिले. फार दिवस झाले होते. सोन्याच्या दांड्या विहिरीत लोटल्या आणि विहीर बुजवली. शाप तुटला. मैनांनी आठवलेल्या हकिकती दरबारात सांगितल्या, तशा जिवंत होते त्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या. पक्षिशाळेत आंब्याचे नवे रोप लावले. राजा दर पौर्णिमेला आवारात उतरे, पायरीवर बसे, “कुठे लागले?” एवढेच विचारी आणि सांगणाऱ्याचे संपेपर्यंत तोंड उघडत नसे. मधुजिव्हा भिंतीवरून पुतळ्यांची नावे सांगत राही. तिला कोणी तसे सांगितले नव्हते.

त्या संध्याकाळी भानजी दुलबाच्या पायांशी बसला आणि आपल्या तोंडाने त्याने कोंडाईला सगळे सांगितले. लोट कसा आला, पाठ कशी होती, पाठीवरून काय दिसले. तिने दरबारात ऐकले होते, तरी पुन्हा ऐकले.

“एवढं मोठं मनात घेऊन राहिलात,” ती म्हणाली.

“मनात कुठं होतं?” भानजी म्हणाला. “दिलं होतं ना तिला.” मग त्याने दुलबाच्या दगडी पायावर हात ठेवला आणि मोठ्याने हाक मारली, “दुलबा! नाव पुकारलं रे तुझं!”

आणि उत्तराची वाट पाहात तो बराच वेळ तिथे बसला.