आतल्या खोलीतली लाल गवसणी

“मग शनिवारी मी कुठे जाऊ, चाचा?”

दस्तगीर चाचांनी मान वर केली नाही. मांडीशी टेकवलेल्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारांखालच्या पट्टीवर, ते कानस फिरवत होते, इतकी हलकी की आवाजसुद्धा होत नव्हता.

मिरजेत चाचांकडे तंबोरा दुरुस्तीला आणणारे लोक परत जाताना तंबोऱ्याबरोबर एखादी शाब्दिक चपराकही घेऊन जातात, अशी त्यांची ख्याती होती. मिहीरला ती ठाऊक होती. तरी त्याने विचारलं, कारण पुण्यात आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

“कोण कोण गातंय?” चाचांनी विचारलं.

“ऋजुता. हा तंबोरा तिचाच. शनिवारी आठला तिच्या पहिल्या अल्बमचा कार्यक्रम आहे. आणि त्याच दिवशी, आठलाच, गावाच्या दुसऱ्या टोकाला शिलाँगचा एक बँड वाजवतोय. चार पोरं आहेत. ती परत कधी येतील सांगता येत नाही.”

“मग?”

“मी असं ठरवलंय, की पहिली चाळीस मिनिटं इकडे, मग रिक्षा, आणि उरलेलं तिकडे.”

दोन्ही डगरींवर हात ठेवायची मिहीरला सवयच होती. दर शुक्रवारी तो नव्या अल्बमांची यादी काढायचा, कुठलं ऐकावं, कुठलं सोडावं. पाच हजार लोक ती वाचायचे. एखादा अल्बम आपल्याआधी दुसऱ्या कुणी ऐकला की त्याला जेवण गोड लागत नसे.

“असं आधी केलंयस?”

“दिवाळीत केलं होतं.”

“बरं झालं?”

बरं झालं नव्हतं. दिवाळीत ऋजुता तिसरं गाणं म्हणत असताना तो उठला होता. हॉल लहान, माणसं साठ-सत्तर. दाराशी पोचल्यावर त्याने मागे बघितलं, तर ती गाता गाता त्याच्याकडेच बघत होती. त्यानंतर ती रुसली नाही, भांडली नाही. पूर्वीसारखीच बोलायची. फक्त कुठलंही नवं गाणं झालं की सगळ्यात आधी त्याला फोन करून “कसं झालंय?” विचारायची, ते तिने बंद केलं. कॉलेजपासूनची आठ वर्षांची सवय होती ती. त्याला ते फार लागलं होतं. तंबोरा आणायला मिरजेला तो आपणहून निघाला, तो त्यामुळेच.

“यंदा किती ऐकलंस?” चाचांनी विचारलं.

“चारशे बारा अल्बम.” एवढं सांगताना त्याचा आवाज आपोआप चढला.

“त्यातलं एक म्हण की.”

मिहीरने तोंड उघडलं. एक ओळ आली, तिला दुसऱ्याच गाण्याची चाल चिकटली, ती सोडवेपर्यंत तिसरंच काही...

“ऱ्हाऊ दे,” चाचा म्हणाले. “पाणी पी.”

त्यांनी घोडी फुंकून साफ केली. मग सहज बोलावं तसं म्हणाले, “आतल्या खोलीत लाल गवसणी हाय.”

“तंबोऱ्याची?”

“गवसणी आणि कशाची असती?”

“कसा आहे?”

“आजवर कुणी नाव ठेवलेलं न्हाई.”

मिहीरचे डोळे आतल्या दाराकडे गेले. दारावर पडदा होता.

“तुझी एसटी चारला. तवर हा ऐक, न्हाईतर आत जाऊन बस. दोनातलं एकच. बोल.”

“अर्धा वेळ हा आणि अर्धा...”

चाचांनी कानस उचलली.

“बरं, बरं. हा.”

“मग छेड.”

मिहीर तारा छेडू लागला. चाचांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवला आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करू लागले. धाग्याला नेमकी जागा सापडली की तार खुलते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही. छेडणाऱ्याने ऐकायचं आणि सांगायचं, अशी चाचांची पद्धत होती. स्वतःच्या कानाला ते म्हातारा म्हणायचे.

“आता?”

“आहे तसंच.”

“आता?”

“तसंच वाटतंय.” मिहीर पडद्याकडे बघत होता. आतला नक्कीच जुना असणार. कुणा मोठ्या गवयाचा असेल. चाचा मुद्दाम दाखवत नाहीत.

“आता?”

“अं?... तसंच.”

असा अर्धा तास गेला. मग खिशात फोन थरथरला. दोन वर्षं गप्प असलेल्या एका बँडचं नवं गाणं आलं होतं. मिहीरने एका हाताने छेडता छेडता दुसऱ्या हाताने फोन काढला आणि नाव तेवढं वाचलं.

मान वर केली, तर चाचा हात मांडीवर ठेवून बसले होते.

“खुलली,” ते म्हणाले.

“कधी?”

“तू तिकडं गेलावतास तवा.”

मिहीरने घाईघाईने तार छेडली. पण चाचांनी तोवर बोटाने धागा पार मागे ओढला होता. तार लाकडावर आपटल्यासारखी वाजली.

“चाचा! असं का केलंत?”

“तू ऐकली न्हाईस. मी कुणाच्या भरवशावर बांधू?”

मिहीरला राग आला. मग लाज वाटली. मग दोन्ही ओसरले. त्याने फोन बंद केला, चाचांच्या हत्यारांच्या पेटीत कानशींच्या खाली ठेवला आणि पेटीचं झाकण लावून घेतलं.

“पुन्हा करू?”

“हां.”

केसभर पुढे. “न्हाई.” हे मिहीर म्हणाला, चाचांच्याच बोलीत, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. केसभर मागे. “न्हाई.” रस्त्यावरून टेम्पो गेला. शेजारी कुणी भांडी घासत होतं, तेही थांबलं. केसभर पुढे...

“थांबा!”

चाचा थांबले.

तारा चारच होत्या, पण त्यांच्यातून पाचवाच सूर निघत होता, कुणी न छेडलेला. बारीक आणि स्वच्छ. हात थांबला तरी तो थोडा वेळ खोलीत राहिला. मिहीर पुन्हा छेडायचा, तो पुन्हा यायचा. हा सूर त्याने ऐकला होता. दिवाळीत ऋजुताने तिसरं गाणं याच सुरावर उचललं होतं. गाणं पुढे कुठे गेलं ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही त्याने तंबोऱ्यावरचा हात काढला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. चारची एसटी सुटून गेली होती. चाचांनी पाचची आहे म्हणून सांगितलं आणि चहा ठेवला. दोघांनी तो घोट घोट करत प्यायला. इतका निवांत चहा मिहीरने वर्षभरात घेतला नव्हता.

तंबोऱ्यावर त्याची गवसणी चढली. मिहीरने पेटीतून फोन काढला, पण चालू केला नाही.

“ठरलं, चाचा. शनिवारी ऋजुताकडेच जाणार, पहिल्या रांगेत आणि शेवटपर्यंत.”

“बरं.”

“पण खरं सांगू? ते शिलाँगवाले काही मनातून जात नाहीत. काहीतरी भारी हातचं गेलं, असं वाटत राहणारच.”

चाचा हसले. तोंडात दात थोडेच होते, पण हसू पोटातून आलं होतं.

मिहीर उंबऱ्यापर्यंत गेला आणि घुटमळला. “तो आतला... तोही राहिलाच. नुसता बघू एकदा?”

“बघ की.”

मिहीर पडदा सारून आत गेला. कोपऱ्यात लाल गवसणी होती, भिंतीला टेकलेली, चांगली फुगलेली. त्याने हलक्या हाताने नाडी सोडली. आत दोन वाकळी होत्या, एक कानटोपी आणि चाचांचा जुना स्वेटर. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्याने तळापर्यंत हात घालून बघितला. मग एकटाच हसला, नाडी पहिल्यासारखी बांधली आणि बाहेर आला.

“चाचा, आत तंबोरा नाहीच आहे.”

“न्हाई?” चाचांनी कानस पुसून पेटीत ठेवली. “मग तो पहिला अर्धा तास तू काय ऐकत होतास?”