घुबडरावांचा शिक्का

संगणकाच्या मुलुखात फार पूर्वी एक कंपायलर होता; कागदावर लिहून दिलेल्या सूचनांप्रमाणे तो प्रोग्राम घडवत असे. दोन सूचना एकमेकींविरुद्ध आल्या, की तो शेवटची पाळायचा आणि आधीची विसरून जायचा.

एकदा त्याच्याकडे एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कामांचा संच, घडवून घ्यायला आली. पुष्कळ प्रोग्रामांनी मिळून तिला वापरायचं होतं. म्हणून तिनं कागदावर लिहिलं, "मला कुठल्याही पत्त्यावर राहता येईल अशी घडव." पण चाचणीप्रमुख घुबडराव न वाचताच प्रत्येक कागदाच्या तळाशी शिक्का मारत: "पत्ता पक्का करा."

चाचणीत प्रोग्रामांनी तिला आपापल्या पत्त्यावर बोलावायला हाका मारल्या, पण लायब्ररीला जागचं हलता येईना.

"नापास. कचऱ्यात टाका," घुबडराव म्हणाले.

"मी फिरती घडण मागितली होती. खिळवलं तुमच्या शिक्क्यानं," लायब्ररी म्हणाली.

"शिक्का सगळ्यांना सारखा. तू काय महाराणी लागून गेलीस?"

कंपायलर शांतपणे म्हणाला, "रावसाहेब, मी तुमचा हुकूम तंतोतंत पाळला. मग नापास कोण झालं?"

दोष द्यायला कुणी सापडतं का, म्हणून घुबडरावांनी मान थेट पाठीकडे वळवली. तिथे कुणीच नव्हतं. त्यांनी लायब्ररीला कोरा कागद दिला आणि शिक्का हळूच पंखाखाली सरकवला.